वायरिंगचा विसावा

गुरुवार, २ जानेवारी

निवृत्त होऊन दोन महिने झाले. ही वही शाळेतून आणलेली, नववीच्या प्रयोगवह्यांपैकी एक कोरी उरली होती ती. प्रत्येक पानावर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं छापलेलं आहे. आयुष्य त्यात बसवता येत नाही, पण काम बसवता येईल. आणि काम आलं आहे.

हेमाला मागच्या खोलीत बेकिंगचा क्लास काढायचाय. केक, नानकटाई, पाव वगैरे. "एकतीस वर्षं तुमचा डबा भरला, आता जरा माझं काहीतरी करू द्या," म्हणाली. म्हटलं, कर की, मी कुठे धरून ठेवलंय. माघी गणेश जयंतीला, म्हणजे एक फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता पहिला वर्ग. आठ बायकांनी नावं दिलीसुद्धा. मोठा ओव्हन येऊन पडलाय. पण तो खोक्यातच आहे, कारण त्या खोलीत एक पिवळा बल्ब आणि एक पॉइंट, आणि त्या पॉइंटवर मोबाइलसुद्धा मनापासून चार्ज होत नाही.

तर हेमाने मला न विचारता इलेक्ट्रिशियन बोलावला. म्हणजे बोलावली. रुपाली नाव. विश्रांतवाडीला राहते, मूळची वाशिमकडची, आयटीआय झालेली. तिशीची असेल. आली ती सरळ भिंतीवर टकटक करत फिरायलाच लागली. मी म्हटलं, आधी ओहमचा नियम सांगा.

"नियम आठवत नाही सर," म्हणाली, "पण तुमच्या घराला अर्थिंगच नाही ना."

मी तिला नम्रपणे दार दाखवलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं विद्युतधारा शिकवली, त्याच्या घरात वायर दुसऱ्याने ओढायची? वायरिंग मी स्वतः करणार. हेमा म्हणाली, "अहो, पण तुम्ही कधी फ्यूज तरी बदललाय का?" हा प्रश्न गैरलागू आहे, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग "बरं" म्हणाली. रुपालीला सोडायला म्हणून खाली गेली, ती वीस मिनिटांनी वर आली. बायकांना निरोप घ्यायला वेळ लागतो.

शनिवार, ४ जानेवारी

बुधवार पेठेत खरेदी. दुकानदाराला म्हटलं, एक चांगला टेस्टर द्या. म्हणाला, "वाईट आम्ही ठेवत नाही." मग विचारतो, वायर किती स्क्वेअरची, अडीच की चार? मी म्हटलं, वायर गोल असते. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "सर, घरी कोणी मोठं माणूस आहे का?" असो. वायर, टेस्टर, पक्कड, पेचकस, काळी टेप, सगळं आणलं.

घरी येऊन मेन बोर्ड उघडून बघितला. आमच्या बिल्डरने तो बेडरूममध्ये, माझ्या उशीच्या बरोबर वर बसवलाय. त्यामागे काही विचार असेल असं मला तीस वर्षांत वाटलेलं नाही. आत वायरींचं जंगल आहे. बंद केला.

सोमवार, ६ जानेवारी

प्रयोग पहिला. मागच्या खोलीत दोन नवे दिवे.

कृती: आकृतीप्रमाणे. फळ्यावर अशा आकृत्या मी हजारांनी काढल्या असतील, पण फळा सपाट असतो. भिंतीला कोपरे असतात, आणि कोपरा वळेपर्यंत आपण कुठली वायर कुठून आणली होती ते विसरायला होतं. साडेबाराला बटण दाबलं. दोन्ही दिवे लागले. म्हणजे, लागले असावेत. हेमा आत येऊन म्हणाली, "चालू आहेत का हे?" म्हटलं, "चालूच आहेत, जरा जवळ ये म्हणजे दिसेल."

एवढ्यात एक वाजला. एक म्हणजे एक. मेन स्विच बंद केला (सुरक्षितता!), कानात कापूस घातला, वर कानटोपी चढवली आणि आडवा झालो. माझी एक ते चारची झोप बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध आहे. एका वर्षी विसर्जनाची मिरवणूक खालून गेली आणि मी चारला उठून विचारलं होतं, यंदा ढोल नव्हते का?

चारला उठून मेन चालू केला. आणि काय सांगू! दोन्ही दिवे लख्ख! मागच्या खोलीत भिंतीवरचं जळमट न् जळमट दिसत होतं. मी दरम्यान काहीही केलं नव्हतं. झोपलो होतो फक्त.

"छान जमलंय हो तुम्हाला," हेमा म्हणाली.

निरीक्षण: (१) दिवे दुपारी मंद, चारनंतर प्रखर. (२) स्वप्नात दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो, ते यंत्र चालवत होते. (३) कानटोपीवर चुना पडलेला. बिल्डिंग जुनी झाली.

गुरुवार, ९ जानेवारी

प्रयोग दुसरा. नवा पॉइंट. साडेबाराला प्लग घातला तर फट् आवाज, निळी ठिणगी, आणि हेमा "अहो!" म्हणून ओरडली. मी शांत होतो. म्हणजे दोन पावलं मागे उडी मारली, पण मी शांत होतो. एकला मेन बंद, झोप. चारला मेन चालू. पॉइंट उत्तम! टेबलफॅन, मिक्सर, इस्त्री, सगळं लावून बघितलं. एकही ठिणगी नाही.

मी बसवलेला पॉइंट थोडा वाकडा होता. आता सरळ आहे. याचं स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही.

सिंकमध्ये चहाचे तीन कप होते. आम्ही घरात दोघं. हेमाचा चहा वाढलाय, तिच्याशी बोलायला हवं.

शनिवार, ११ जानेवारी

तिसऱ्यांदा तेच! आता हा योगायोग म्हणता येणार नाही. विज्ञानात तीन प्रयोग झाले की अनुमान काढायला मोकळीक असते. लिहून ठेवतो:

*नव्या वायरिंगला जोडणीनंतर तीन तास पूर्ण विसावा मिळाल्यास ते आपोआप सुधारते.*

कारण उघड आहे. तांबं दुकानात वेटोळं होऊन पडलेलं असतं. आपण ते ओढतो, वाकवतो, सोलतो, पिळतो. त्यात लगेच धारा सोडली तर ते कसं ऐकेल? कणीकसुद्धा मळून झाकून ठेवावी लागते. ही इतकी साधी गोष्ट एकाही पाठ्यपुस्तकात नाही, आणि मीही इतकी वर्षं पोरांना सांगितली नाही. हेमाला समजावून सांगितलं. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. भारावली असावी.

दारावर पाटी लावली आहे:

*१ ते ४ वायरिंग विसावा घेत आहे. बेल वाजवू नये. तशीही वाजणार नाही.*

मंगळवार, १४ जानेवारी

वरच्या मजल्यावरचा पुष्कर तिळगूळ द्यायला आला. खराडीला कॉम्प्युटरमध्ये आहे, पण निम्मा आठवडा घरूनच काम करतो. पाटी वाचून विचारायला लागला. मी सिद्धांत सांगितला. "काका, सीरियसली?" म्हणाला. त्याला मागच्या खोलीतले दिवे दाखवले. बटण दोनदा दाबून बघितलं. त्याला म्हणे गॅलरीत एक दिवा घ्यायचाय. म्हटलं, इलेक्ट्रिशियनला बोलावू नकोस, स्वतः कर. कृती लिहून दिली.

गुरुवार, १६ जानेवारी

पुष्करचा दिवा लागला नाही. तीन तास मेन बंद ठेवला म्हणतो. मी विचारलं, "आणि तू काय करत होतास?"

"मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मीटिंगमध्ये होतो."

"मग कसं लागेल! घरात मीटिंग चाललीये आणि वायरने विसावा घ्यायचा? झोपायला हवं होतंस."

त्याने उद्या दुपारी रजा टाकली आहे. हल्लीच्या मुलांत जिज्ञासा नाही म्हणतात, ते काही खरं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

पुष्कर तीन तास झोपला. दिवा लागला नाही. तो मला सांगायला पाच वाजता खाली आला, तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो. परतलो तर तो आणि हेमा जिन्यात उभे, आणि पुष्कर कठड्याला धरून हसतोय, डोळ्यांतून पाणी. मला बघून सरळ झाला. "काका, तुम्ही ग्रेट आहात," म्हणाला. "मी उद्या परत झोपून बघतो."

शनिवार, १८ जानेवारी

पुष्करचा दिवा लागला! दुसऱ्या विसाव्यात लागला. प्रत्येक वायरचा स्वभाव वेगळा असतो, ही पुरवणी सिद्धांताला जोडली.

मंगळवार, २१ जानेवारी

दुपारी उठलो तर बोर्डातून एक हिरवी वायर बाहेर डोकावत होती. ही मी विकत घेतलेली नाही. म्हणजे दुकानदाराने चुकून जास्त दिली असणार. बुधवार पेठेत चुकून जास्त! ही नोंद विसाव्याच्या सिद्धांताहून मोठी ठरेल. ती माझ्या आकृतीत नाही, तेव्हा कधीतरी काढून टाकायला हवी.

उशीवर पुन्हा चुना. हेमाने पलंगावर जुनं प्लास्टिक अंथरायला सुरुवात केली आहे. मी झोपलो की माझ्या अंगावरही घालते म्हणाली. काळजी घेते बिचारी.

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "नमस्कार, मी हेमा वाटवे." डोकावलो. समोर कोणी नव्हतं, कुकर होता. हेमा त्याला नानकटाई समजावत होती. मला बघून ओशाळली. म्हणाली, "अहो, मला बोलताच येणार नाही. आठ बायका समोर बसलेल्या, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघणार. त्यात मथुराबाई. त्या तर चुका काढायलाच येणार आहेत."

मथुराबाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या, सत्तरीच्या, सर्वात आधी नाव दिलेल्या. मी म्हटलं, मागच्या बाकाकडे बघून बोलायचं. पुढच्या बाकावरची पोरं ऐकतातच, मागची ऐकली की वर्ग आपला. आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी करून दाखवायचं, नुसतं बोलायचं नाही.

"म्हणजे दहाव्या मिनिटाला ओव्हन लावायचा," ती म्हणाली.

"लाव की. लाइन मी देतो."

तिने पुन्हा बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "हे एक झालं पाहिजे हो," म्हणाली. "बाकी काही नाही जमलं तरी चालेल. पण त्या दिवशी ओव्हन लागला नाही तर मी पुन्हा नाही कधी उभी राहायची. मला माहितीये ना माझं."

शनिवार, २५ जानेवारी

हेमा बहिणीकडे कोथरूडला गेली होती, सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत. मी हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर बदलला. पंखा उलटा फिरायला लागला. एकला मेन बंद, झोप. चारला उठून बघतो तर पंखा फिरतच नाही, घूं घूं करतोय फक्त.

सिद्धांताला पहिला धक्का. फार अस्वस्थ झालो. मग लक्षात आलं, आज एकादशी. साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, पोट जड, दोनदा कूस बदलली. झोपच नीट झाली नाही, तर विसावा कुठून होणार? अनुमान: विसाव्याच्या दिवशी हलकं जेवावं.

सोमवारी वरणभात खाऊन पुन्हा झोपलो, पंखा सुरळीत. (२७ ता. ची नोंद.)

गुरुवार, ३० जानेवारी

ओव्हनची लाइन झाली! मंगळवारी भिंतीवरून पाइप बसवला, बुधवारी वायर घातली, दोन्ही दिवस विसावा. आज चारला उठून मेन चालू केला तर मागच्या खोलीत मोठ्या प्लगचा जाडजूड पॉइंट, शेजारी स्वतंत्र बटण, आणि ओव्हन चालू! हेमाने आत दोन बटाटे ठेवले होते. भाजून झाल्यावर आम्ही ते मीठ लावून उभ्या उभ्या खाल्ले. तिचा चेहरा इतका फुललेला मी पुष्कळ दिवसांत बघितला नव्हता. "झालं हो," म्हणत होती, "झालं एकदाचं."

वायर भलतीच जाड दिसते. मी आणलेली बारीक होती. तांबं विसाव्यात फुगतं का, हे तपासायला हवं.

शनिवार, १ फेब्रुवारी

हे सगळं रविवारी सकाळी लिहितोय. काल लिहायला बसलो होतो, पण जमलं नाही.

काल सकाळी साडेसातला हेमा लोणी आणायला आणि गणपतीला जाऊन यायला बाहेर पडली. मी मागच्या खोलीत गेलो. खुर्च्या मांडल्या, आठ. खडू होते ते आणले आणि फळ्यावर "नानकटाई" लिहिलं. मग वाटलं, पॉइंट टेबलापासून दूर आहे. वायर बायकांच्या पायात येणार, कोणी अडखळून पडलं तर? पॉइंट हातभर सरकवून दिला तर हेमा आली की खूश होईल. म्हटलं, हिरवी वायरही काढून टाकू, आज दिसायला तरी नीटनेटकं दिसू दे.

मेन बंद करून पॉइंट खोलला. पहिल्यांदा हिरवी ओढली. ती एकटी येईना, सगळ्या एकमेकींना बांधलेल्या. मग जोर लावला. पाइपातून सगळ्या वायरी सरसर सरसर येत राहिल्या, त्यांचं दुसरं टोकही आलं, आणि माझ्या हातात सगळा जुडगा राहिला. भिंतीत नुसतं भोक.

घड्याळात आठ पस्तीस.

मी त्या परत घालायचा प्रयत्न केला. हातभर जातात, मग अडतात. साबण लावला, तेल लावलं. मोठ्याने ओहमचा नियम म्हटला. हसण्यासारखं आहे खरं, पण मी तो खरोखर म्हटला.

नऊला हेमा आली. दारातच उभी राहिली. हातात लोण्याची पिशवी, कपाळाला शेंदूर. ओरडली असती तर बरं झालं असतं. स्टुलावर बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन भोकाकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "घाबरू नकोस. वायरी आत गेल्या की तीन तास विसावा. म्हणजे बारा-साडेबारा. तोवर तू बोलत राहा."

"तुम्ही झोपा," ती म्हणाली.

"आत्ता? नऊ वाजता?"

"हो. आत्ताच झोपा. अगदी गाढ झोपा. बाकी मी बघते."

तिचा आवाज कसातरीच झाला होता. मी गेलो. कापूस, कानटोपी, प्लास्टिक. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला झोप येईना. कानात कापूस घातला की स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात, हे मला ठाऊकच नव्हतं, कारण इतका वेळ मी कधी जागाच राहिलो नव्हतो. शेवटी कापूस काढून टाकला.

बाहेर हेमा फोनवर बोलत होती. "रुपाली, आज सुट्टी आहे ना गं तुझी? नाही, त्यांनी सगळं ओढून काढलं. हो, सगळं. हो, झोपलेत. ये गं बाई, गणपतीच पावला म्हणायचा."

मी छताकडे बघत पडून राहिलो. एकेक करून सगळं सुटत गेलं. दाताचा डॉक्टर. चुना. तिसरा कप. सरळ झालेला पॉइंट. हिरवी वायर, म्हणजे रुपालीचं अर्थिंग. कोथरूड. एकादशीची बिचारी खिचडी! पहिल्यांदा आला तो राग. माझ्याच उशाशी, महिनाभर! सगळ्या बिल्डिंगला माहीत, पुष्कर जिन्यात हसत होता तो यालाच, आणि मी आपला पाटी लावून बसलोय. उठावं आणि चांगलं सुनवावं दोघींना. उठून बसलोही. तेवढ्यात कुलूप वाजलं, आणि मी, का कोण जाणे, परत आडवा झालो आणि डोळे मिटले.

रुपाली आत आली. स्टूल ओढलं, माझ्या डोक्यावरचा बोर्ड उघडला. चुना पडला, नाकावर. मी हललो नाही.

"काकू, सांगून टाका ना सरांना एकदाचं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी गाडी दोन गल्ल्या सोडून लावून राहिली महिन्यापासून. चोर समजतील लोकं मला."

"सांगेन गं."

"पण काहून लपवता? रागावतील फार तर."

हेमाने माझ्या अंगावरचं प्लास्टिक सारखं केलं. मग म्हणाली, "रागावले तर रागावू देत. नोव्हेंबरमध्ये एकदा शाळेच्या वॉचमनचा मला फोन आला होता. म्हणाला, बाई, सर रोज साडेदहाला फाटकापाशी येऊन उभे राहतात. घंटा झाली की जातात. आत या म्हटलं तर नको म्हणतात. मी कधी विचारलं नाही त्यांना. या कामाला हात घातल्यापासून गेले नाहीत बघ एकदाही. सकाळी उठून आकृत्या काढतात, शिट्टी वाजवतात. माझा क्लास काय, आज नाही तर उद्या. हा माणूस पुन्हा त्या फाटकापाशी जायला नको मला."

हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं. मला वाटत होतं, हे कोणालाच माहीत नाही. कानटोपी डोळ्यांवर ओढावीशी वाटत होती, पण झोपलेला माणूस टोपी ओढत नाही. पाणी कानात गेलं. तसाच पडून राहिलो.

मग काम सुरू झालं. हेमा मागच्या खोलीतून वायर आत ढकलत होती, रुपाली इकडून ओढत होती. मधे कोपऱ्यात ती अडली. रुपालीला एका हाताने पाइप धरून वळणावरून वायर सोडवायची होती आणि दुसऱ्याने ओढायची, आणि स्टूल डुगडुगत होतं. "काकू, इकडे एक माणूस पाहिजे," ती म्हणाली. पण काकू इकडे आल्या तर तिकडून ढकलणार कोण? पावणेअकरा वाजले होते. हॉलमधून मथुराबाईंचा आवाज आला, "हेमा, सुरू नाही का अजून? अकरा म्हणजे अकरा ना?" हेमाने तिकडून "आलेच हं" म्हटलं, आणि ते रडवेलं होतं. मला ते कळलं. लग्नाच्या तेहतीस वर्षांत तेवढं कळायला लागलंय.

मी डोळे मिटूनच हात वर केला.

वर स्टुलाची डुगडुग थांबली. मग वायरची टोकं माझ्या तळहातावर आली.

"मी सांगेन तेव्हा ओढा," रुपाली अगदी हळू म्हणाली. "झटका नाही द्यायचा, सर. दमादमानं. आणि डोळे नका उघडू, चुना पडते."

मी झटका दिला नाही. ती "हं" म्हणाली की ओढायचं, "थांबा" म्हणाली की थांबायचं. वायर हातात यायला लागली, आधी बोटभर, मग वीतभर, मग हातभर. तिन्ही. हिरवीसुद्धा. तिकडून हेमाने विचारलं, "आली का गं?" रुपाली म्हणाली, "आली, काकू."

अकराला सात मिनिटं कमी असताना मेन चालू झाला. रुपाली गेली. जाताना दार हळू लोटून गेली.

मी उठलो नाही. माझ्या हिशोबाने विसावा बारापर्यंत होता. भिंतीपलीकडून हेमाचा आवाज आला, "नमस्कार, मी हेमा वाटवे," जरा कापरा, मग बरा, मग चांगला खणखणीत. मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. दहाव्या मिनिटाला ओव्हनचं बटण वाजलं. थोड्या वेळाने तुपाचा, वेलदोड्याचा वास आला, मग बायकांचं "अगंबाई!" आणि मथुराबाईंचं "माझ्या नेहमी फुटतात, ह्या बऱ्या नाही फुटल्या."

बाराला टोपी झटकून बाहेर आलो. हेमाने माझ्या हातावर गरम नानकटाई ठेवली आणि बायकांकडे वळली. गेला महिनाभर जिन्यात, भाजीवाल्यापाशी, सगळ्यांना ती असंच काहीतरी सांगत आली होती, आणि मी मान डोलवत आलो होतो.

"ह्या ओव्हनची लाइन," ती म्हणाली, "ह्यांनी स्वतः ओढली हो."

मी रुपालीचा नंबर विचारणार आहे. आज नाही, पण विचारणार आहे. त्या क्षणी मात्र मी काही बोललो नाही, कारण ते खरं होतं. तळहातावर तीन लाल रेघा होत्या. मी नानकटाई खाल्ली.